टमरेल म्हणाल तर खबरदार

मी तांब्या बोलतोय. तांब्या म्हणालो, टमरेल नव्हे! राणीसावरगावात अजूनही काही टवाळ माणसं मला बघून मिशीत हसतात, बाया तोंडाला पदर लावतात, म्हणून हे आधीच बजावून ठेवतो. मी पितळेचा आहे, माझा काठ चांगला जाड आहे आणि माझ्या पोटावर नाव घातलेलं आहे. ज्याला हसायचं असेल त्यानं आधी माझी हकीकत ऐकावी.

गंगाखेडला गोदावरीकडं उतरणाऱ्या वाटेवर एका तांबटाच्या दुकानात माझा जन्म झाला. हातोडीचा मार खाऊन खाऊन मला हे पोट आलं. मुंजाजी नावाच्या शेतकऱ्यानं भाचीच्या लग्नात आहेर करायला मला निवडलं. टिचकी मारून माझा आवाज ऐकला, मग तिथंच बैठक मारून नाव घालून घेतलं, 'सौ. धुरपदाबाई आप्पाराव, राणीसावरगाव.' मला वाचता येत नाही, पण त्या छिन्नीचा एकेक घाव अजून आठवतो. नावाचं भांडं लग्नकार्यात कुणी पळवत नाही, एवढ्यासाठी तो मार मी सोसला.

धुरपदाबाईंच्या घरात माझी जागा रांजणावर. रोज सकाळी चिंचेनं आणि राखेनं त्या मला असा घासायच्या की आप्पाराव माझ्यात बघून मिशा सारख्या करायचे. पाव्हणा आला की आधी गुळाचा खडा आणि माझ्यातलं पाणी, मग कोण-कुठले. टमरेलही होतं त्या घरात, नाही असं नाही. पत्र्याचं, पोचे पडलेलं. ते गोठ्याच्या खुंटीला असायचं आणि पहाटे ज्याच्या त्याच्या हातून शेताकडं जायचं. ते कधी उंबरा ओलांडून आत आलं नाही आणि मी कधी गोठ्याकडं गेलो नाही. यात कुणाचा कधी वाद झाला नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा व्यंकटी. पोरगं हुशार, पण बोलायच्या वेळी नेमकी दातखीळ बसणारं. निजामाचं राज्य गेलं तेव्हा परभणीला शाळेत होता. पुढं हैदराबादेला शिकला आणि एक दिवस सांगत आला की सरकारी वजीफा मिळाला, सूतगिरणीचं शिक्षण घ्यायला विलायतेला जायचं. सेलूच्या बाजारातला आपला कापूस एके काळी जिकडं जायचा, तिकडंच आता आपलं पोरगं निघालं.

निघायच्या दिवशी धुरपदाबाईंनी मला रांजणावरून उचललं आणि त्याच्या ट्रंकेत कपड्यांवर ठेवलं.

“माय, तांब्या कशाला? तिकडं भांडे भेटत न्हाईत व्हय?”

“भेटत असतील. पन कुनाचं उष्टं, कुनाचं काय, तुला काय ठाव? परमुलखात पानी आपल्या भांड्यानं प्यावं. माजं नाव हाय त्याच्यावर.” बाईंनी वरून एक सदरा माझ्यावर घातला. “येताना घिऊन ये. ह्याच तांब्यातलं पानी तुज्यावरून उतरून टाकीन आन मंगच तुला घरात घीन.”

मी फुगलो. का फुगू नये? विलायतेला जाणारा आमच्या गावचा पहिला माणूस व्यंकटी आणि पहिलं भांडं मी. बैलगाडीतून गंगाखेडच्या स्टेशनापर्यंत सगळ्या वाटेनं मी ट्रंकेत तोऱ्यात बसलो होतो. पुढं काय वाढून ठेवलंय हे कळलं असतं तर गाडीतूनच उडी मारली असती.

विलायत म्हणजे मँचेस्टरच्या बाजूचं एक गिरण्यांचं गाव. आभाळ राखेच्या रंगाचं, पाऊस धड पडत नाही आणि धड थांबत नाही. पहिली फजिती झाली ती खोलीची. हातात ट्रंक घेऊन व्यंकटी दारं ठोठावत हिंडला. खिडकीत पाटी असायची, खोली भाड्यानं देणे आहे. दार उघडायचं, आतला माणूस याच्या काळ्या तोंडाकडं बघायचा आणि म्हणायचा, खोली आत्ताच गेली. पाटी तशीच! आमच्याकडं दारात आलेल्या माणसाला पाणी दिल्याशिवाय त्याची जात-गोत विचारत नाहीत असं मी म्हणणार होतो, पण ते खोटं होईल, आमच्याकडं काय चालतं ते मी रांजणावर बसून पाहिलंय. तरीपण पाऊस पडत असताना, ट्रंक हातात असताना, असं खोटं बोलून दार लावायचं? माझं पितळ तापलं होतं.

शेवटी एका म्हाताऱ्या विधवेनं खोली दिली. तिचं नाव मिसेस डॉबसन. आम्ही तिला डाबसनबाई म्हणू. तोंडानं कडक, कायदे करण्यात पटाईत. अंघोळ शुक्रवारी, आठवड्यातून एकदा. दिवा वेळेवर बंद. खोलीत स्वयंपाक करायचा नाही. खाली तिच्या टेबलावर जेवायला एक म्हातारा आगबोटीचा कप्तान असायचा, तोही भाडेकरूच.

आणि जेवण ते काय! उकडलेला बटाटा, उकडलेला कोबी, उकडलेलं आणखी काहीतरी. व्यंकटीनं मायनं दिलेली कारळाची चटणी रोज चिमूट चिमूट चाटून पुरवली. ती संपल्यावर एकदा चोरून गॅसच्या शेगडीवर वाळकी मिरची भाजली. सगळं घर खोकायला लागलं आणि कप्तान घराला आग लागली म्हणून ओरडत रस्त्यात धावला. त्या दिवशी खोली जायचीच, पण बाईनं एकदा माफ केलं. दुसऱ्यांदा काही झालं तर ट्रंक रस्त्यावर दिसेल, एवढं तिनं स्वच्छ सांगितलं. पुन्हा ती दारं ठोठावायला नकोत म्हणून व्यंकटी जिनासुद्धा दबक्या पावलांनी चढायचा.

बरं, तिथलं वागणंही काही सरळ नाही. मीठ दिलं की थँक्यू, मीठ परत केलं की थँक्यू. आपल्याकडं जन्मभर भाकरी थापून घातली तरी मायला कुणी असं म्हणत नाही, म्हटलं तर मायलाच काळजी वाटेल की पोराला ताप आला. व्यंकटी म्हणायचा नाही, तर तो उर्मट ठरला. घरातून निघताना 'जातो' म्हणू नये हे त्याच्या हाडीमांसी खिळलेलं, म्हणून तो दारातून 'येतो' असं इंग्रजीत म्हणून निघून जायचा, आणि बिचारी डाबसनबाई जेवण वाढून वाट बघत बसायची. रात्री तो मला तोंडाला लावून गटागटा पाणी प्यायचा आणि माझ्या पोटावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवायचा. तेवढं मात्र मला बरं वाटायचं.

आता पुढचं सांगताना अजून माझा संताप होतो.

त्या घरात वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी संडास होता. पांढरा, स्वच्छ, साखळी ओढली की धो धो पाणी. पण पाणी सगळं खाली. हाताशी एक थेंब नाही. भिंतीला नुसती कागदाची गुंडाळी. कागद! अहो, कागदाला चुकून पाय लागला तर आपण बोटं डोळ्यांना लावून नमस्कार करतो, सरस्वती म्हणतो. हे पोरगं त्या संस्कारातलं. दिवसभर कागदावर विद्या लिहायची आणि सकाळी त्याच कागदाचं हे करायचं? नाही जमलं त्याला. सुरुवातीचे काही दिवस तो तोंड पाडून, आखडून बसत-उठत होता. शुक्रवार कधी येतोय असं त्याला होऊन जायचं. इथपर्यंत माझी त्याच्यावर माया होती.

मग एका सकाळी त्याची नजर माझ्याकडं वळली. मी खिडकीत होतो, काठोकाठ भरलेला. मला वाटलं, तहान लागली असेल. त्यानं मला उचललं, टॉवेलात गुंडाळलं आणि दार किलकिलं करून बाहेर डोकावला. तहान लागलेला माणूस असं डोकावत नाही. अरे व्यंकटी, मेल्या, माझ्यावर तुझ्या मायचं नाव आहे रे! असं मी ओरडलो, पण माझा आवाज माझ्याच पोटात घुमला. त्या दिवशी मी रांजणावरून गोठ्याच्या खुंटीला आलो.

एखादा डबा शोधायचा होता, एखादी बाटली घ्यायची होती. नाही. हाताशी तांब्या आहे ना, मग झालं. आणि त्या दिवसापासून पाणी प्यायला तो खालून काचेचा पेला घेऊन आला. पेल्यातून पिताना माझ्याकडं पाठ करायचा. मला तेवढंही कळत नाही असं त्याला वाटत होतं की काय कोण जाणे.

अशी माझी बेअब्रू रोज चालली होती. एक दिवस जिन्याच्या तोंडाशीच डाबसनबाई समोर आली. टॉवेल सुटला आणि मी उघडा पडलो.

“हे काय आहे?”

“माझं भांडं,” व्यंकटी पुटपुटला.

“किती सुंदर आहे! आणि हे काय लिहिलंय? देवाचं काही?”

“माझ्या आईचं नाव.”

बाई बघतच राहिली. तिचा एक मुलगा ऑस्ट्रेलियात होता, वर्षानुवर्षं आलेला नव्हता. तिनं चष्मा काढून पुसला. “तू आईचं नाव असं बरोबर घेऊन फिरतोस? आणि तुमच्या घरी हे कशासाठी वापरतात?”

“पाणी प्यायला,” व्यंकटी म्हणाला.

खोटं नव्हतं ते. आमच्या घरी पाणी प्यायलाच वापरत होते. पण इथं? इथं काय करतोस ते सांग ना! नाही सांगितलं. बाईनं मला त्याच्या हातून अलगद घेतलं आणि खाली नेलं. हा नुसता टॉवेल हातात धरून वर उभा.

त्या रविवारी बाईनं मला कसलीशी पावडर लावून चकाचक केलं, टेबलाच्या मधोमध पांढऱ्या फडक्यावर ठेवलं आणि प्यायच्या पाण्यानं भरलं. शेजारी पिवळी फुलं. जेवायला सगळे बसले तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, “आज आपण व्यंकटीच्या आईच्या भांड्यातून पाणी पिणार आहोत. ती इतक्या लांब आहे, पण आज ती आपल्या टेबलावर आहे.”

कप्तानाच्या पेल्यात ओतलं. स्वतःच्या पेल्यात ओतलं. व्यंकटीच्या पेल्यात ओतलं. कप्तान प्यायला, बाई प्यायली, डोळे मिटून प्यायली. आणि आमच्या चिरंजीवांनी पेला ओठाला लावला, मान वर केली आणि तसाच खाली ठेवला! एक घोट घेतला नाही पठ्ठ्यानं! कानाच्या पाळ्या तेवढ्या लालबुंद झाल्या होत्या.

मला सांगा, हे कुठलं शिक्षण? खोली जाईल ही भीती मला कळते. पाऊस, ट्रंक, ती लावून घेतलेली दारं, सगळं मी त्याच्याबरोबर भोगलं होतं. पण ज्या एका बाईनं दार उघडलं, तिलाच ते पाणी पाजायचं? टमरेल केलंस ते एक वेळ मी गिळलं असतं, व्यंकटी. हे गिळलं गेलं नाही.

त्यानंतर मी खाली काचेच्या कपाटात राहिलो आणि दर रविवारी टेबलावर आलो. वरच्या कामाला व्यंकटीनं दुधाची बाटली धरली. म्हणजे मिळत होती की बाटली! आधी का नाही सुचलं?

शिक्षण संपलं. निघताना डाबसनबाईनं मला वर्तमानपत्रात गुंडाळून व्यंकटीच्या हातात दिलं. “आईला सांग, मी तिला माझ्या टेबलावर सांभाळलं,” असं म्हणाली आणि रडली. व्यंकटीनं थँक्यू म्हटलं. आता ते त्याला छान जमत होतं.

तो गेला तेव्हा आमचा जिल्हा हैदराबादेत होता, आला तेव्हा मुंबई राज्यात गेला होता. धुरपदाबाई मात्र जागच्या जागी, दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या. आप्पाराव मागं पागोटं सारखं करत होते. सगळी आळी जमली होती. पुढं होत्या तानुबाई, आप्पारावांची थोरली बहीण. सोवळ्याच्या इतक्या कडक की चुलीजवळून मांजर गेलं तरी चूल सारवायच्या.

“तांब्या कुठं हाय?” बाईंनी पहिलं हेच विचारलं.

व्यंकटीनं ट्रंक उघडून मला दिलं. उन्हात मी असा झळकलो की बाया पुढं सरकल्या.

“बगा, बगा! पोरानं कसा जपलाय! परमुलखात बी रोज घासला आसंल!” बाईंनी मला भरलं, व्यंकटीवरून उतरून पाणी बाजूला टाकलं, भाकरतुकडा टाकला आणि त्याला घरात घेतलं. मग मला पुन्हा रांजणात बुडवून भरलं. “लेकराच्या हातचं भांडं सुखरूप आलं. आधी मी पिते, मंग वन्सं तुमी.”

मला त्यांनी तोंडाकडं नेलं. आणि मी व्यंकटीकडं बघत होतो. त्याचे कान लाल व्हायला लागले होते. तिथं गप्प बसलास, आता इथंही बसतोस का? ही तुझी माय आहे. बोल! अरे बोल की मेल्या!

“माय, थांब,” व्यंकटी म्हणाला. “पिऊ नको त्याच्यात.”

“कामून?”

त्यानं सांगितलं. सगळ्यांसमोर, मान खाली घालून, कागदाच्या गुंडाळीपासून सगळं. आधी कुणाला काही कळेना. मग तानुबाई मागं सरकल्या.

“अगं बया बया! टमरेल केलं म्हन की! फेकून दे ते उकिरड्यावर! रांजनात बुडीवलंस ना आता? रांजन बी फोड!”

मागं कुणीतरी खिंकाळलं, मग सगळी आळी हसत सुटली. आप्पारावांनी पागोटं काढून तोंडावर धरलं. मला उकिरड्यावर टाकणार! आयुष्यभर चोख काम केलं त्याचं हे बक्षीस! मी काय स्वतःच्या पायानं गेलो होतो तिकडं?

धुरपदाबाई हसल्या नाहीत. मला घेऊन परसात गेल्या. चिंच आणली, राख आणली आणि घासलं, असं घासलं की माझ्या अंगाची साल निघते की काय वाटलं. मग चुलीतल्या निखाऱ्यावर आतून-बाहेरून भाजलं. रांजण उपसून धुतला, आडाचं ताजं पाणी भरलं, मला भरलं आणि सगळ्यांसमोर उभ्या राहून गटागटा प्यायल्या. मग व्यंकटीपुढं धरलं.

“घे.”

व्यंकटीनं माझ्याकडं बघितलं. “मला पेल्यात दे, माय.”

तेव्हा बाई भडकल्या. “पेल्यात? लहानपनी तुजं गू-मूत काढलं ते ह्याच हातानं. त्याच हातानं भाकर थापली आन तू खाल्लीस. हात तोडून टाकला व्हय मी? का हाताला बी पेला लावून खाल्लीस?”

व्यंकटीनं मला दोन्ही हातांनी घेतलं आणि तोंडाला लावलं. खूप दिवसांनी त्याचे ओठ माझ्या काठाला लागले. तो तळापर्यंत प्यायला. मी माफ केलं असं म्हणत नाही, पण राग थोडा उतरला.

पण बाईंचा उतरला नव्हता. “आन त्या बाईला सांगितलंस?”

व्यंकटीनं मला खाली ठेवलं.

“मला थांब म्हनलास. तिला म्हनलास का?”

“खोली गेली आसती, माय.”

“मी माय हाय म्हनून मला थांब, आन ती परकी म्हनून तिला पी! तिनं तुला दारात घेतलं, माजं नाव ताटापुढं ठिवलं, आन तू तिला तसलं पानी पाजलंस? माज्या नावानं पाजलंस?” एवढं बोलून बाई खाली बसल्या आणि रडायला लागल्या. व्यंकटी परदेशी गेला तेव्हाही लोकांसमोर त्या अशा रडल्या नव्हत्या.

त्या आठवड्यात त्या स्वतः गाडीत बसून गंगाखेडला गेल्या. त्याच तांबटाकडून माझ्यासारखाच तांब्या घेतला, टिचकी मारून आवाज ऐकला आणि त्यावर नाव घातलं, 'डाबसनबाईस, धुरपदाबाईकडून.' व्यंकटीच्या पुढ्यात ठेवला. “ह्यो तिला धाड. नवा कोरा हाय, कुनाचं बोट लागलं न्हाई. आन का धाडला ते बी लिव्ह. खरं लिव्ह.”

तो लिहायला बसला तेव्हा मी शेजारीच होतो. मला वाचता येत नाही, त्यानं काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. पण लिहिता लिहिता त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या, म्हणजे खरंच लिहिलं असणार.

आता महाराष्ट्र झालाय म्हणतात. व्यंकटी नोकरीला लागलाय. सुट्टीला आला की आधी माझ्यातून पाणी पितो, कुणी सांगायची गरज पडत नाही. मी रांजणावर आहे. तानुबाई अजून माझ्यातलं पाणी पीत नाहीत, आडावर जाऊन ओंजळीनं पितात. पिऊ देत, त्यांच्या गुडघ्यांना तेवढाच व्यायाम. डाबसनबाईचं उत्तर आलं की नाही ते मला कुणी सांगत नाही.

म्हणून म्हणतो, बाबांनो, तुमची पोरं आता परमुलखात जायला लागतील, जाऊ देत. त्यांना चटणी द्या, घोंगडी द्या, आणि तांबे मात्र दोन द्या. एकावर मायचं नाव घाला. दुसऱ्यावर कुणाचंच घालू नका.